ज्योत कुठे आहे?

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. परीक्षा जवळ आल्या की माझे तास गणिताला दिले जातात, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटतही नाही. त्यामुळे रसग्रहणाचा भाग वर्षातून जेमतेम दोन तासांत उरकावा लागतो. यंदा आठवीला सा. ल. हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ घेतले होते. हातात दिवा धरलेल्या बाईचे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हे चित्र आमच्याकडे आजही कित्येक जण राजा रविवर्म्याचे समजतात, आणि ते आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या चित्रकाराचे आहे, हे शिक्षकांच्या खोलीतसुद्धा मला पुनःपुन्हा सांगावे लागते.

चाचणीत एका गुणाचा प्रश्न होता : चित्राचा केंद्रबिंदू कोणता? माझ्या उत्तरसूचीत ‘दिव्याची ज्योत’ असे होते. एका मुलीने ‘बाईची बोटं’ असे लिहिले आणि मी त्यावर शून्य दिले. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली. ‘सर, ज्योत कुठं हाय, दाखवा की,’ एवढेच म्हणाली.

मुलांना दिलेल्या झेरॉक्समध्ये सारा उजेड करड्या डागासारखा उमटला होता, म्हणून मी मोबाइलवर रंगीत चित्र उघडले, आणि ज्योतीवर बोट ठेवायला गेलो तेव्हा ध्यानात आले, की ज्योत तळहाताआड आहे. दिसतात ती तांबूस झालेली बोटे, उजळलेला चेहरा आणि भोवतालचा अंधार. हे जलरंगात साधलेले आहे, हे मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. तैलरंगात उजेडाचा ठिपका शेवटी वरून ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात मात्र पांढरे लावायचे नसते, राखायचे असते. सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद, आणि तो कुठे राखायचा हे पहिला हात देण्यापूर्वीच ठरवून मग गडद थर त्याच्या कडेपर्यंत नेऊन थांबवावे लागतात. इतके सगळे सांगणाऱ्या मला, ज्योत न रंगवता तिचा उजेड जिथे जिथे पोहोचला तेवढेच चित्रकाराने रंगवले आहे, हे दिसले नव्हते.

‘तुला कसे कळले?’ असे विचारले, तर म्हणाली, पावसाळ्यात लाइट गेली की गोठ्यात दिवा तीच नेते. ‘वाऱ्याला हात आडवा धरला की कडेला तांबडं दिसतंय, मधी काळंच.’ आम्ही खिडक्या लावून करून पाहिले. मोबाइलच्या टॉर्चवर हात ठेवला तर बोटे सरसकट लाल झाली. प्रयोगशाळेतील मेणबत्तीपुढे मात्र बोटांच्या कडा आणि बेचकेच तेवढे पेटल्यासारखे दिसले, अगदी चित्रातल्यासारखे. गणिताचे सर दारातून म्हणाले, ‘एका मार्कासाठी एवढा खटाटोप?’ त्यांना काय सांगणार!

ते ‘ज्योत’ हे उत्तर मी कधीतरी एका गाइडमधून उचलले होते आणि अकरा वर्षे तेच शिकवत आलो. सहलीच्या निमित्ताने मूळ चित्रासमोर दोनदा उभा राहिलो आहे. दोन्ही वेळा मुले मोजत होतो. मुलीचा गुण मी त्याच दिवशी वाढवून दिला. ‘ज्योत’ लिहिणाऱ्या एकतीस जणांचे गुण कापावेत की कसे, हे मात्र अजून ठरत नाही, कारण त्यांनी लिहिले ते मीच फळ्यावर लिहून दिले होते.