बाजारातली मोरी नेमकी कोणती?

मुंबई-रत्नागिरीच्या बाजारात मोरी किंवा मुशी म्हणून जे विकलं जातं, त्यात बरेचदा स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस हा छोटा शार्क असतो. म्युलर आणि हेन्ले यांनी १८३८ मध्ये नोंदवलेली, कार्कॅऱ्हिनिडी कुळातली ही जात पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. तोंड उलथन्यासारखं चपटं, छातीचे पर आखूड-रुंद. पाठीवरचा पहिला पर इतका मागे की त्याचं टोक पोटाच्या परांवर येतं. हा पर पुढे, छातीच्या परांजवळ सुरू होत असेल आणि ओठांच्या कोपऱ्यात लांब खाच दिसली, तर तो ऱ्हायझोप्रायोनोडॉन अ‍ॅक्युटस, म्हणजे दुसराच शार्क. तुकडे केल्यावर मात्र ओळख पटवणं अवघड!

ओळखीतली ही चूक महागात पडते, कारण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत पहिली जात 'संकटसमीप', तर दुसरी 'असुरक्षित' आहे. पूर्वी पूर्व आशियातले मासेही लॅटिकॉडसच धरले जात. २०१० मध्ये ते स्कॉलिओडॉन मॅक्रोऱ्हिंकोस ही स्वतंत्र जात म्हणून पुन्हा वेगळे काढले गेले, त्यामुळे जुने आकडे जपूनच वाचावेत.

लॅटिकॉडसचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं. पिल्लं वारेवर पोसली जातात. लवकर वयात येत असल्याने ही जात मोठ्या शार्कांपेक्षा तग धरते. पण डोल आणि ट्रॉलच्या बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांत पिल्लंच सापडतात, खरी गळती तिथे आहे. २०२२ च्या निर्णयाने हे अख्खं कुळ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आलं; पण त्याने नियंत्रण येतं ते आंतरराष्ट्रीय व्यापारावर, स्थानिक बाजारावर नाही.