नाकातली गेर

थंडी पडली की आमच्या घरी पेटीतल्या रजया निघतात आणि माझं नाक कामाला लागतं. काल आईने रजई झटकली, खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक बारीक कण तरंगायला लागले, आणि मी सुरू, बाबा पेपरमागून मोजत होते, अकराव्या शिंकेला म्हणाले, "बास, मागच्या वर्षीचा रेकॉर्ड तुटला." आजीचं निदान ठरलेलं, रात्री दही खाल्लं असशील.

दह्याचा काही संबंध नाही हो. खरा दोष गादी-रजईत राहणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या धुळीतल्या किड्यांचा, म्हणजे मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा (हे कळल्यापासून रजई तोंडावर घ्यायची बंद केलीये). आणि थोडा आपल्याच मास्ट सेल्सचा, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींचा. १८७८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिशला त्या रंग टाकल्यावर दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसल्या, त्याला वाटलं खाऊन-पिऊन गुबगुबीत झाल्यात, म्हणून जर्मनमध्ये हे नाव. आपल्याला 'मस्त' सेल्स म्हणायला काही हरकत नाही.

पण ते दाणे खाऊ नव्हेच, त्यात हिस्टामिन भरलेलं, म्हणजे शिंका-खाज आणणारं रसायन. आमच्या इंदूरकरांना सांगायचं तर रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यावर गुलालाची मशीन तयार ठेवून उभे असतात ना, तशा या नाकाच्या आतल्या त्वचेत टपून बसलेल्या. पहिल्या भेटीत शरीर या धुळीविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी बनवून या मास्ट सेल्सच्या अंगावर नुसत्या चिकटवून ठेवतं, म्हणून तेव्हा काहीच होत नाही. पुढच्या वेळी एकच कण शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरतो की मशीन सुटलीच, काही मिनिटांत नाक, डोळे, घसा सगळं रंगून जातं. आणि मी तळहाताने नाक वर वर घासत बसते, आई ओरडते, "नाकावर आडवी रेघ पडलीये बघ!"

अलर्जीची गोळी घेतली तरी गुलाल उडतोच, ती फक्त आपल्या अंगावर रेनकोट घालते, हिस्टामिनला चिकटायला जागा देत नाही.

आणि गेर संपली असं वाटतं तेव्हा संध्याकाळी इओसिनोफिल येतात. इओसिन रंगाने गुलाबी होणाऱ्या या पांढऱ्या रक्तपेशी तासांनी उगवतात आणि आवरायचं सोडून आणखी पसारा करतात. शिंका नाहीत पण नाक चोंदलेलं, यावर ती गोळी फारशी चालत नाही. काल रात्री तशीच तोंड उघडं टाकून झोपले.

सकाळी आई म्हणाली, "आज गाद्या गच्चीवर टाकायच्यात, तू घरात थांबूच नकोस." बाबांनी लगेच पेपर खाली केला, "जातेच आहेस तर पोहे-जिलेबी घेऊन ये. सेव जास्त सांग."