आमची वाटचाल: गठ्ठ्यातलं तांबं

अण्णांचा गाळा मुंबईत दारूखान्यात, जुन्या जहाजांच्या भंगाराच्या वस्तीत. जहाजांच्या पत्र्याचे तुकडे आणायचे, गॅस कटरने कापायचे, रोलिंग मिलला धाडायचे. मी धंद्यात आलो आणि कुर्ल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या भंगारात हात घातला. अण्णा म्हणाले, "गाडीचं भंगार म्हणजे खिचडी. निवडत बसशील." बसलोच.

सुरुवातीला माल जालन्याला जायचा, सळईच्या भट्ट्यांना. तिथे फारशी विचारपूस नाही. पण गाड्यांसाठी पत्रा बनवणाऱ्यांकडे चांगल्या भंगाराला भाव बरा, म्हणून तिकडे वळलो. २०१९चं केंद्राचं भंगार धोरण खिशात घालून फिरायचो. एक टन भंगार वापरलं की १.१ टन खनिज आणि ६०० ते ७०० किलो कोकिंग कोळसा वाचतो, हे तोंडपाठ होतं. खरेदीवाले साहेब चहा पाजायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "तांबं किती?"

पहिलाच ट्रक परत आला. प्रेसमध्ये दाबून बांधलेल्या एका गठ्ठ्याच्या पोटात गाडीची स्टार्टर मोटर निघाली, आत तांब्याची तार. चूक आमचीच, भाडं दोन्हीकडचं अंगावर.

भट्टीत बराचसा कचरा मळीत, म्हणजे वितळल्या लोखंडावर तरंगणाऱ्या थरात, निघून जातो, तांबं जात नाही. त्याच्याआधी लोखंडच जळतं. तांबं वाढलं की पत्रा गरम लाटताना चिरतो. सळईत ०.४ टक्क्यापर्यंत खपून जातं, पण गाडीच्या दारासाठी खोल दाबायच्या पत्र्याला ०.०६च्या आसपासच. आणि चुंबकावर तर भरवसाच नको! मोटरचं कवच लोखंडी, तो आनंदाने उचलतो.

म्हणून प्रेसच्या आधी टेबल टाकलं, तीन मावश्या बसवल्या. थोरल्या मावशी तुकडा नुसता हातावर तोलतात. "ही पोटुशी आहे, फोडा." फोडली की आत वाइंडिंग, तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्या तांब्याच्या विक्रीतून टेबलाचा पगार सुटतो.

आता पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमधल्या नव्या पत्र्याच्या कात्रणाच्याही मागे लागलोय. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेगळ्या ढिगात टाका म्हणून मालकांना विनवतो. निम्मे ऐकतात. १ एप्रिल २०२५पासून आयुष्य संपलेल्या गाड्यांची जबाबदारी नियमाने गाड्या बनवणाऱ्यांवर आली. तेव्हापासून फोन तिकडून येतात. प्रश्न मात्र तोच. आता मी फोन मावशींच्या टेबलावर ठेवतो.