२.८ मिलिमीटरमधली आमची वाटचाल

आम्ही एंडोस्कोपीचे स्नेअर बनवतो, म्हणजे दुर्बिणीतून आत सोडून आतड्यातली गाठ (पॉलिप) कापायचे तारेचे फास (लूप). भोसरीच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा एक जुना लेथ, एक क्रिंपिंग प्रेस, मी आणि माझे भागीदार. ते मूळचे डायमेकर. स्कोपचा, म्हणजे दुर्बिणीचा, चॅनल २.८ मिलिमीटरचा, त्यातून टेफ्लॉनची २३० सेंटिमीटर नळी सरकवायची, आणि इकडे हँडल जेवढं ओढलं तेवढीच तिकडे तार हलली पाहिजे. आतड्याच्या वळणात नळी दबते, लूप अर्धाच उघडतो. उमेदीची वर्षं त्यातच गेली.

देठाचा पॉलिप कुणाचाही स्नेअर कापतो. कस लागतो तो चपट्या गाठीला. खाली सलाईन आणि निळा रंग सोडून ती उचलली, तरी गुळगुळीत तार वरून घसरते. म्हणून आम्ही जाड, कडक पिळाची तार घेतली. ती अस्तरात रुतते. सांगलीचे एक डॉक्टरसाहेब पहिल्या डझनापासूनचे ग्राहक. ओल्या स्पंजवर दाबून बघत आणि फोन करत, "अहो, लूप आडवा पडतोय, न्या परत!" त्यांची बोलणी खाऊनच आमचा २० मिलिमीटरचा स्नेअर तयार झाला.

मग तो डीलर. नाव घेत नाही, लाइनमधल्यांना कळेल. सगळा पश्चिम महाराष्ट्र त्याच्या हवाली होता. त्याने आमचे नमुने बाहेर पाठवून हुबेहूब माल करून आणला, स्वतःचं लेबल लावून निम्म्या भावात विकला, वर आमचं पेमेंट अडवलं. त्याचा लूप दोनदा उघडला की आकार सोडायचा. तक्रारी मात्र आमच्याकडे, कारण हँडल डिट्टो आमचं! बँकेने हात आखडला, गॅसने माल निर्जंतुक करून देणाऱ्या ईटीओवाल्याने उधारी बंद केली, वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. तेव्हा सांगलीहून न मागता आगाऊ चेक आला. एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याखाली आली, पुढे परवाना सक्तीचा झाला. कागदपत्रांनी आम्हीही वैतागलो, पण त्याच्या मालाला तेच नडलं.

नंतरचं बरं चाललंय. लहान पॉलिपसाठी करंटशिवाय कापणारा बारीक तारेचा कोल्ड स्नेअरही निघतो.

नव्यांना सांगतो, डीलरला जिल्हा द्या, राज्य नको. हँडलचा मोल्ड आपल्याच कपाटात ठेवा. आणि डॉक्टरांनो, सिंगल यूज स्नेअर धुऊन परत वापरू नका, नळीच्या आतलं रक्त निघत नाही.

त्या डीलरची बिलं अजून थकलेली आहेत. फाइल जपून ठेवली आहे.