अंदमानात स्कूबा: अंगावर येणारे मासे आणि आपल्या नदीतल्या सवयी

सांगलीहून अंदमानचा प्रवास लांबचा असला तरी अवघड नाही. पुण्याहून विमान, बहुतेकदा चेन्नई किंवा बंगळूरला बदलून, श्रीविजयपुरम म्हणजे आधीचं पोर्ट ब्लेअर. तिथून बोटीनं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. बोटीची तिकिटं विमानाच्या तिकिटांबरोबरच काढून ठेवा. हॉटेलं, जेवण, समुद्रकिनारे यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते पाण्याखाली त्रास देणाऱ्या माशांबद्दल. कृष्णेत पोहायला शिकलेल्यांनी तर हे वाचाच.

आमच्या गटात बहुतेक जण माई घाटावर पोहायला शिकलेले. आयर्विन पुलाच्या आसपासचं पाणी पाठ असलेले, दमदार पोहणारे लोक. पण नदीत आपल्या अंगी दोन गोष्टी मुरतात. पायाला काही लागलं की वर यायचं, आणि डोकं पाण्याखाली असेपर्यंत श्वास रोखायचा. नदीत दोन्ही बरोबर आहेत. गढूळ पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही, आणि औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत हे कुणाला सांगायला नको. स्कूबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेनं श्वास घेत पाण्याखाली फिरताना, मात्र या दोन्ही सवयी धोक्याच्या.

हे आम्हाला समजलं ते टायटन ट्रिगरफिशमुळे. दहा-बारा मीटर खोलीवर प्रवाळांच्या मधे वाळूचा मोकळा तुकडा होता. तिथे हा मासा होता. वाढतो ७५ सेंटिमीटरपर्यंत, अंग हिरवट पिवळं, खवल्यांना गडद कडा आणि वरच्या ओठावर मिशीसारखा काळा पट्टा. शिंपले, काटेरी सी-अर्चिन, प्रवाळ फोडून खाणारा, त्यामुळे जबडा आणि दात भक्कम. एरवी हा आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण वाळूत खळगा करून त्यात अंडी घातली की मादी तिथून हलत नाही आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जाते.

गाइडनं बोटांचं पिस्तूल करून दाखवलं. ट्रिगरफिशसाठी ती खूण आहे, पाण्यात उतरण्याआधी गाइडला विचारून घ्या. पाठोपाठ माशानं पाठीवरचा काटा उभा केला, अंग थोडं आडवं करून एका डोळ्यानं आमच्याकडे पाहिलं आणि सरळ चाल केली. गटातल्या आमच्या दादांनी जोरात पाय मारून वरचा रस्ता धरला. गाइडनं त्यांचं जॅकेट धरून खाली ओढलं आणि त्याच खोलीवरून आडवं बाजूला नेलं. मासा मागे आला, त्यानं दादांच्या फिनची, म्हणजे पायातल्या रबरी पंखाची, कड चावली, पुन्हा एकदा अंगावर आला आणि मग वळून खळग्यावर गेला. तिथे तो अंड्यांवर तोंडानं पाण्याचे झोत मारताना दिसला. चिडलेला प्राणी म्हणून ज्याच्याकडे आम्ही बघत होतो, ती पोरांना जपणारी आई होती. मला तिचा राग आला नाही. त्या वाळूवर घुसलो होतो ते आम्ही.

वर का जायचं नाही, याची दोन कारणं आहेत. ट्रिगरफिश जी जागा आपली मानते ती खळग्यापुरती नसते. तोंड वर करून ठेवलेल्या नरसाळ्यासारखी ती वर रुंद होत जाते, थेट पृष्ठभागापर्यंत. त्यामुळे वर जाणारा माणूस तिच्या हद्दीतच राहतो आणि ती मागे लागतच राहते. आडवं गेलात तर हद्द लवकर संपते.

दुसरं कारण जास्त गंभीर. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर छातीतली हवा वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. माशाच्या चाव्याला टाके घालता येतात, ही इजा जिवावर बेतते. म्हणून वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत आणि श्वास सतत चालू, घाबरलेलो असताना तर जास्तच.

मासा धावून आला तर तोंड त्याच्याकडे ठेवा, फिन्स त्याच्या आणि आपल्यामध्ये धरा आणि त्याच खोलीवर पाय मारत मागे सरका. चावायचंच तर त्यानं रबर चावावं. हातवारे करू नका, त्याला मारायला जाऊ नका. आणि एकटे पळू नका, जोडीदाराला बरोबर घ्या. हे तिथे पहिल्यांदा करून चालणार नाही. सांगलीतल्याच पोहण्याच्या टँकवर, गर्दी नसेल तेव्हा, मास्क, स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी आणि फिन्स घालून पाठीवर पडून मागे मागे जायचा सराव करा. हा सराव प्रवासाच्या सगळ्या तयारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो मला.

बाकीचे मासे त्रास देतात, पण इजा क्वचितच करतात. समुद्रफुलातला छोटा क्लाउनफिश मास्कवर येऊन आपटतो. त्याचीही तिथे अंडी असतात. थोडं मागे व्हा, तो लगेच शांत होतो. प्रवाळांतले डॅमसेलफिश बोटाला, कानाला चिमटे काढतात. रेमोरा, म्हणजे शार्कला चिकटणारा मासा, कधी माणसालाही चिकटू पाहतो. उघड्या कातडीवर ओरखडे येतात, म्हणून पूर्ण अंगाचा सूट घाला. लायनफिश आणि दगडासारखा दिसणारा स्टोनफिश स्वतःहून येत नाहीत, पण त्यांच्या काट्यांत विष असतं. कशालाही हात लावायचा नाही आणि तळावर उभं राहायचं नाही. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, फार तर ४५ अंश, तो भाग बुडवून ठेवतात आणि लगेच दवाखाना गाठतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्यानं हात घालून बघावं, कारण दुखऱ्या भागाला अंदाज येत नाही.

बायकांसाठी मुद्दाम सांगते. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, चमकणारे कानातले हॉटेलच्या खोलीतच काढून ठेवा. पाण्यात चकाकणारी वस्तू बॅराकुडासारख्या शिकारी माशाला लहान मासळीसारखी भासते. आमच्यातल्या एका मावशींनी मंगळसूत्र काढायला आधी नकार दिला होता. कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःच ते पिशवीत ठेवलं. अंगठी काढायला पुरुषांनीही कुरकुर करू नये.

माशांना खाऊ घालणं मात्र मला अजिबात सहन होत नाही. फोटोत मासे यावेत म्हणून पर्यटकांच्या हातात पाव दिला जातो, असं मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर पाहिलंय. पट्टेरी सार्जंट मासे क्षणात चेहऱ्याभोवती गोळा होतात, बोटं चावतात, आणि पुढच्या वेळी रिकाम्या हातालाही चावतात. मोठ्या ईल माशांना हातानं भरवताना डाइव्हरांनी बोटं गमावली आहेत. पाव हे माशांचं अन्नही नाही. बुकिंग करतानाच विचारा, तुम्ही मासे जमवायला खाणं टाकता का? हो म्हणाले तर दुसरीकडे जा.

परतीचं वेळापत्रक आखताना शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत किमान १८ तास मोकळे ठेवा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्याआधीच उंचावर, कमी दाबाच्या हवेत जाणं धोक्याचं असतं. आपल्या भागातल्या लोकांना हाच प्रश्न मालवणहून येतानाही पडायला हवा, कारण आंबोलीचा माथा सुमारे ६९० मीटरवर आहे आणि विमानाचे हे नियम ६०० मीटरच्या वर चढून जाणाऱ्यालाही लागू धरतात. मालवणात दिवसभर खोल डाइव्ह केल्या असतील तर संध्याकाळी घाट चढू नका, रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा.