लग्नाची व्हीएचएस कॅसेट उतरवताना पैसे कुठे घालावेत

जुन्या कॅसेट संगणकावर उतरवायच्या म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि दुरुस्तीचं काम पाच वर्षांनीही करता येईल. कॅसेट मात्र थांबणार नाही, आणि ती वाचणारं यंत्र आता कोणी बनवत नाही. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं, तेव्हाच नवा व्हीसीआर मिळणं संपलं. त्यामुळे पैसे आधी व्हीसीआरवर घाला, मग सिग्नल स्थिर करणाऱ्या पेटीवर, त्यानंतर व्हीसीआरचा सिग्नल संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डवर आणि हार्ड डिस्कवर. टेपवरून जे उतरलंच नाही, ते नंतर कुठल्याही प्रोग्रामने परत येत नाही.

आधी कॅसेट बघा

टॉर्च घेऊन कॅसेटच्या खिडकीतून रीळ बघा. टेपच्या कडेवर पांढरट, पिठासारखे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, आणि रोलरवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. ती वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत काही दिवस कोरडी होऊ द्या. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका. कोरडी झाल्यावर मास्क लावून, मोकळ्या हवेत, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरून टेप पुसावी लागते. लांबीने हे काम मोठं आहे: तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते. त्यासाठी एक भंगारातला व्हीसीआर केवळ रीळ फिरवण्यापुरता राखून ठेवावा.

टेप तुटलेली असेल तर साधी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि थेट हेडवर जातो. टेप जोडायची खास स्प्लायसिंग टेप वापरा आणि ती आतल्या बाजूने लावा. व्हीएचएसमध्ये झाकण उघडल्यावर समोर दिसणारी बाहेरची बाजू चुंबकीय असते, त्या बाजूला काहीही चिकटवायचं नाही. कॅसेटचं कवच मागच्या पाच स्क्रूंवर उघडतं. कवच फुटलं असेल तर रिकाम्या चांगल्या कॅसेटच्या कवचात रिळं बसवता येतात.

वर्षानुवर्षं न चाललेली धड कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे गुंडाळा. टेपचा ताण एकसारखा होतो आणि चित्र कमी हलतं.

व्हीसीआर, आणि चित्र का थरथरतं

पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या व्हीसीआरमध्ये हेड बसवलेला ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि हेड टेपवरून एकदा सरकलं की चित्राचं एक फील्ड, म्हणजे अर्धं चित्र, वाचलं जातं. टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर एवढ्या संथ वेगाने सरकते. ती तसूभर ताणली गेली किंवा यंत्राची चाल डगमगली, की चित्राची प्रत्येक आडवी रेषा थोडी लवकर किंवा उशिरा सुरू होते. मग मंडपाचा सरळ खांब सापासारखा वळवळतो आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो. जुना टीव्ही हे सांभाळून घ्यायचा, कॅप्चर कार्ड घेत नाही. ते फ्रेम गाळतं, आणि तिथून आवाज ओठांच्या मागेपुढे होऊ लागतो. 'आवाज जुळत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. तो रेषा साठवून ठरल्या वेळी सोडतो. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा वरचा प्रकार) व्हीसीआरमध्ये तो आतच असतो: जेव्हीसीचा एचआर-एस९६००, पॅनासॉनिकचे एनव्ही-एफएस२०० आणि एनव्ही-एचएस९५०. ही युरोपातली पाल मॉडेलं आहेत. इंग्लंड-जर्मनीतल्या नातेवाइकांकडून मागवली तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर इथेही तशीच चालतात. जेव्हीसीत पिक्चर कंट्रोल 'एडिट'वर ठेवा, म्हणजे यंत्र स्वतःहून कडा टोकदार करत नाही.

एवढा खर्च नको असेल तर घरचा चालू व्हीसीआर किंवा व्हीसीपी (नुसती कॅसेट दाखवणारं यंत्र) घ्या आणि त्याच्यापुढे पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा, पाल मॉडेलच. त्यावर रेकॉर्डिंग करायचं नाही. सिग्नल नुसता त्यातून पार होतो आणि वाकडा माथा बहुतेक वेळा सरळ होतो. ईएस१५ मधलं लाइन-इन नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्यांवरचा तपशील पुसला जातो. कमी खर्चातली ही सर्वांत चांगली जोडणी आहे असं आमचं ठाम मत आहे.

व्हीसीआर घरचा असो की विकतचा, आधी हेड साफ करा. जाडसर साधा कागद आयसोप्रोपिलमध्ये भिजवून ड्रमवर हलका टेकवून धरा आणि ड्रम हाताने सावकाश फिरवा. कागद स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली घासलंत तर हेडचा नाजूक तुकडा उडतो. कापसाची काडी ड्रमला कधीच लावू नका. आवाजाच्या स्थिर हेडला आणि टेप ओढणाऱ्या कॅप्स्टनच्या दांड्याला ती चालते. टेप गुंतत असेल तर तिला कॅप्स्टनवर दाबणारा पिंच रोलर बघा. रबर चकचकीत, कडक झालं असेल तर तो बदलायला हवा.

व्हीएचएसमध्ये उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या आरसीए वायरमधून ते एकत्र होऊन येतात आणि पुन्हा वेगळे करताना कडांवर ठिपके पळताना दिसतात. म्हणून एस-व्हिडिओची सोय असेल तिथे तीच वायर वापरा.

कॅप्चर कार्ड आणि सेटिंग

ईझीकॅप नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त काड्यांमध्ये आत कुठली चिप निघेल याचा भरवसा नसतो. कित्येकांत उजेड आपोआप कमी-जास्त होतो आणि पांढरे भाग जळतात, त्यात नवरदेवाचा सदरा आधी जातो. हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह २ किंवा आय-ओ डेटाचं जीव्ही-यूएसबी२ घ्या. आरसीए वायर थेट एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या छोट्या डब्या टाळा. त्या दोन फील्ड वाईट रीतीने एकत्र करून चित्र ताणतात, आणि ते नुकसान कायमचं असतं. घरच्या कॅसेटवर 'कॉपी प्रोटेक्शन' असा संदेश आला तर घाबरू नका. अस्थिर सिग्नललाच कार्ड चुकून मॅक्रोव्हिजन, म्हणजे सिनेमाच्या कॅसेटवरचं नक्कल-रोधक संरक्षण, समजतं, टीबीसी किंवा वरचा रेकॉर्डर लावल्यावर बहुधा तो जातो.

विंडोजवर व्हर्च्युअलडब हा कॅप्चरचा प्रोग्राम वापरा. आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, रंग वायुवाय२, कोडेक (फाइल आवळण्याची पद्धत) हफवायुव्ही किंवा लॅगरिथ, आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट पीसीएम. इंटरलेस, म्हणजे दोन फील्डची गुंफण, तशीच राहू द्या, कॅप्चर करताना डीइंटरलेस करून ती सोडवायची नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून उजेड १६ ते २३५ च्या आत बसवा. तळाला थरथरणाऱ्या काही ओळी दिसतात. ती हेड बदलण्याची जागा, कॅसेटचा दोष नाही. हिस्टोग्राम बघताना तेवढा भाग आणि काळ्या कडा तात्पुरत्या कापा, नाहीतर आकडे फसवतात. पहिली दहा मिनिटं गाळलेल्या आणि घातलेल्या फ्रेमच्या आकड्यांवर नजर ठेवा. ते वाढत असतील तर थांबा आणि सिग्नलची जोडणी तपासा.

ताशी ३० ते ४० जीबी जागा धरा, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला शंभरेक जीबी. डिस्क एनटीएफएस असू द्या, एफएटी३२ वर ४ जीबीला फाइल तुटते. कोपऱ्यावरच्या दुकानात 'कॅसेटची डीव्हीडी' करून मिळते तेव्हा तेच तीन तास ४.७ जीबीत कोंबलेले असतात. सेकंदाला साडेतीन मेगाबिटसुद्धा वाट्याला येत नाहीत, आणि टेपवरचा खरखरीतपणा त्यात चौकोनी ठोकळे होऊन बसतो.

आवाजात गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. फिरत्या ड्रमवरच्या हेडने वाचल्या जाणाऱ्या हाय-फाय आवाजात फरफर असेल तर व्हीसीआरवर 'नॉर्मल' आवाज निवडा, तो टेपच्या कडेच्या वेगळ्या पट्टीवरून येतो.

अमेरिकेतून आलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असतात. आखातातून आणलेले मल्टिसिस्टम व्हीसीआर त्या दाखवतात, पण बरेच जण बाहेर पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल देतात. कार्डाला तो कळला नाही की चित्र कृष्णधवल येतं. अशा कॅसेट चार-सहा असतील तर अमेरिकेतल्याच नातेवाइकांना तिथे उतरवायला सांगणं शहाणपणाचं.

दुरुस्ती

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: घरी असलेली लग्नाची कॅसेट सहसा मूळ शूटिंगची नसते. शूटिंगवाल्याने मिक्सिंग करून, गाणी घालून दिलेली ती दुसरी किंवा तिसरी प्रत असते. व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील रुंदीत जेमतेम ४० रेषांइतका, आणि प्रत्येक प्रतीत रंग आणखी सरकतो. लाल शालूचा रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो तो यामुळे. अ‍ॅव्हीसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रंगाचा थर काही पिक्सेल डावीकडे आणि वर सरकवला की बराच फरक पडतो.

डीइंटरलेससाठी अ‍ॅव्हीसिंथमधलं क्यूटीजीएमसी हे फिल्टर. हायब्रिड या प्रोग्राममधून ते स्क्रिप्ट न लिहिता वापरता येतं. फील्डचा क्रम कॅप्चर कार्डच्या फाइलमध्ये बहुधा वरचं आधी, डीव्ही (डिजिटल कॅमकॉर्डरच्या) फाइलमध्ये खालचं आधी. चुकला तर हालचाल मागेपुढे हिसके देते. निकाल सेकंदाला ५० फ्रेमचा ठेवा. २५ केलात तर वरातीतल्या नाचाची अर्धी हालचाल जाते.

टेपवरच्या पांढऱ्या रेघा दर वेळी त्याच जागी येत नाहीत. म्हणून महत्त्वाची कॅसेट तीनदा कॅप्चर करून तिन्हींची मध्यक फ्रेम काढली तर अशा रेघा आणि खरखर दोन्ही घटतात. तिन्ही फाइल फ्रेमनिशी जुळाव्या लागतात, गाळलेल्या फ्रेम शून्य असतील तरच हे जमतं. एआयने मोठं केलेलं चित्र चकचकीत दिसतं, पण आजीच्या चेहऱ्यावर जे टेपमध्ये नव्हतंच ते एआय रचून ठेवतं. हवं तर नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीवर करा, मूळ फाइलवर नको.

मूळ कॅप्चर एफएफव्ही१ या तपशील न गमावणाऱ्या कोडेकमध्ये बदलून एमकेव्ही फाइल करा आणि दोन वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दोन घरांत ठेवा. पाहायला एच.२६४ ची वेगळी प्रत. ती यूट्यूबवर टाकाल तर मिक्सिंगमधल्या सिनेमाच्या गाण्यांवर हक्क सांगितला जाऊ शकतो.

कॅसेटची मागची पट्टी तोडून तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही असं करा आणि ती उभी, कोरड्या जागी ठेवा. व्हीएचएस-डीकोड या मुक्त प्रकल्पात हेडकडून येणारा कच्चा सिग्नल व्हीसीआरच्या आतूनच टिपला जातो आणि टीबीसीसकट सगळं काम सॉफ्टवेअर करतं. त्यासाठी व्हीसीआर उघडून सर्किटवर वायर सोल्डर करावी लागते आणि एका तासाचं डीकोडिंग कित्येक तास चालतं, पण साध्या व्हीसीआरमधूनही चित्र महागड्या यंत्राच्या तोडीचं निघू शकतं.