कॅन्सर रजिस्ट्रीची ग्रँट रिन्यू करताना आलेला अनुभव

परवा सँक्शन ऑर्डर आली एकदाची. मेल बघितला आणि आधी फील्डवरच्या दोघांना फोन लावला, कारण मार्चला जुनी मुदत संपल्यापासून त्यांना अर्ध्या पगारावर काम करावं लागत होतं आणि तरी एकाही गावाची फेरी त्यांनी चुकवली नव्हती.

मी एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधन विभागात आहे, आमचं काम रजिस्ट्रीचं. म्हणजे ठरलेल्या तालुक्यांत वर्षभरात कॅन्सरचे नवे पेशंट किती, कुठल्या वयाचे, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, याची नोंद. मुंबईत हे १९६३ पासून चालू आहे आणि आपल्या बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. पेशंट काही स्वतःहून येऊन नाव देत नाहीत, हॉस्पिटलं, पॅथॉलॉजी लॅब, ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर असं दारोदार फिरावं लागतं, म्हणून एक वर्ष पैसा थांबला की ते वर्ष नंतर भरून काढणं महाकठीण, कागद हलतात, घरचे गाव सोडतात, तारखा कुणाला आठवत नाहीत.

मला वाटलेलं ग्रँट कमिटीपुढचं प्रेझेंटेशन अवघड जाईल. अडलो युसीवर, म्हणजे ग्रँटचा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर. त्याचा सरकारी जीएफआर १२-ए फॉर्म आणि सोबत सीएच्या सहीचं खर्चाचं स्टेटमेंट. आमच्याच अकाउंट्समध्ये ग्रँटवर मिळालेलं बँकेचं व्याज संस्थेच्या उत्पन्नात धरलं होतं, पण ते व्याज आपलं नसतंच, सरकारला परत करावं लागतं. मग तीन वर्षांची स्टेटमेंटं काढा, व्याज वेगळं काढा, भरा, पावती जोडा, पुन्हा सीएकडे जा, यात दीड महिना गेला. ग्रँटला वेगळं खातं ठेवा आणि व्याजाचा हिशोब दर मार्चला संपवून टाका, एवढं तरी माझं ऐका.

दुसरा मुद्दा डुप्लिकेटचा. आकडे पाठवण्याआधी मी पुन्हा सगळी यादी चाळत बसले होते तर स्तनाच्या कॅन्सरच्या दोन केसेस शेजारी शेजारी ठेवल्यावर शंका आली. एक नोंद आमच्या हॉस्पिटलची, सासरचं नाव, सासरचं गाव. दुसरी पुण्याच्या लॅबच्या रिपोर्टवरून, नाव आणि आडनाव दोन्ही वेगळं, गाव माहेरचं. वय एका वर्षाने पुढेमागे, बाजू डावीच, बायोप्सीत नऊ दिवसांचं अंतर. आमचा फील्डवाला माहेरच्या गावी गेला, तिच्या भावाने सांगितलं की लग्नात नाव बदललं आणि आधारवर अजून जुनंच आहे. बाई एकच! त्यानंतर आम्ही बायकांच्या सगळ्या केसेस माहेरचं नाव विचारून परत तपासल्या, रात्री दहा-दहा वाजले, पण कमिटीने डुप्लिकेट कसे काढता हे विचारलं तेव्हा मी हीच केस नाव न घेता मांडली आणि पुढचे प्रश्न पद्धतीवरच आले, अगदी बारकाईने.

पहिला हप्ता अजून जमा व्हायचाय. फोनवर बातमी सांगितली तर फील्डवाला म्हणाला, "बरं झालं मॅडम. मग उद्या नदीपलीकडच्या तीन गावांना जाऊन येतो, तिथलं मृत्यू रजिस्टर राहिलंय."